पोस्टपोन की कॅन्सल

ता. ४ मे १९३६
भुसावळहून व्याह्यांची तार. "मॅरेज पोस्टपोन्ड." एवढेच! नातीचे लग्न सहा दिवसांवर, मांडवाची मुहूर्तमेढ कालच रोवली. तार पाहताच हिने गळा काढला — कोण मेले तेही न विचारता! पोस्टपोन म्हणजे काय, ते तारवाल्यालाही ठाऊक नाही.

ता. ५
वकिलाकडचा कारकून देवराम म्हणाला, "कॅन्सल म्हणजे मोडले. पोस्टपोन म्हणजे पुढे ढकलले."
कुठवर पुढे?
"ते तारेत नाही."
मग फरक काय राहिला! मोडलेले निदान कळते तरी.
भटजी म्हणतात, मोडले असेल तर मेढ आजच उपटा. ढकलले असेल तर हात लावू नका. ही म्हणते, "मंग उपटू का पाणी घालू? बोला ना!"

ता. ६
शेजारचा भिकन — "काका, मांडव काबरं उभा अजून? जत्रा भरवता का?"
पोस्टपोन आहे, म्हणालो. अर्थ न कळून आल्या वाटेने परत गेला. शब्द कामाचा आहे.

ता. ७
शेवटी मंगलालाच विचारले. इंग्रजी चौथी झाली आहे तिची. नवरीला विचारू नये, पण करणार काय! म्हणाली, "आबा, तुमची हलणारी दाढ पोस्टपोन. पुढचे दोन दात कॅन्सल."
लख्ख कळले. हसली मात्र नाही पोरगी. बिचारी!

ता. ८
सकाळचा काढा पोस्टपोन केला. हिने समोर बसून पाजला. भिकनशी बोलणे कॅन्सल केले. संध्याकाळी तो तंबाखू घेऊन आला, म्हणजे तेही पोस्टपोनच निघाले.
पण लग्न? जेवण जात नाही.

ता. ९
व्याह्यांचे पत्र. लिहितात, आमचा मधुकर पुढे ढकला म्हणून हटून बसला आहे. कारण सांगत नाही. आपल्याकडे काही कळले का?
आमच्याकडे काय कळणार!

ता. १०
आज लग्नाचा दिवस. मांडवात मी आणि मंगला दोघेच. खाली मान घालून म्हणाली, "आबा, मला खंडव्याला मास्तरणीचे शिकायचे आहे. मधुकरना मी पत्र लिहिले होते. मी कॅन्सलच लिहिले होते. त्यांना बापापुढे तेवढा धीर झाला नाही."
हिला अजून पोस्टपोनच सांगितले आहे. उद्या खंडव्याची गाडी किती वाजता, ते विचारून येतो.