फीडचा एकुलता एक वाचक

सोमवार, ३ मार्च

ग्रंथालयाच्या साहेबांनी आज स्क्रीन माझ्याकडे वळवली. "तुमच्या फीडला वाचक किती, बघा. एक." मी म्हटलं, सर, नवीन पुस्तक आलं की मी ओळ लिहिते, ती फीड जोडून घेतलेल्यांच्या यंत्रावर आपोआप जाते. विद्यार्थ्यांना आपल्या वेबपानावर यावंसुद्धा लागत नाही. "विद्यार्थ्यांना म्हणजे त्या एकट्याला ना?"

महिनाअखेर बंद करायचं म्हणाले. मग मी पुन्हा तळघरात, जुन्या नियतकालिकांत. तिथे बोलायला भिंतीसुद्धा नाहीत, सगळीकडे कपाटं.

बुधवार, ५ मार्च

तो एक कोण असेल? संगणक विभागातल्या चष्म्याला विचारलं. (सगळे त्याला चष्माच म्हणतात, तोही ओ देतो.) म्हणाला, "मॅडम, यंत्र मोजलं जातं, नाव कळत नाही. पण रोज उघडतं. सुट्टीच्या दिवशीही."

सुट्टीच्या दिवशीही! म्हणजे त्यालाही घरी करमत नाही.

सोमवार, १० मार्च

खडकांवरचं एक जाडजूड पुस्तक आलं. लिहिलं – नवी आवृत्ती, दुसरा मजला. खाली उगाच जोडलं – 'खिडकीजवळचं टेबल रिकामं आहे. ऊन छान येतं.' एकालाच तर जाणार. साहेब थोडेच वाचतात!

गुरुवार, १३ मार्च

आता रोजच लिहिते. पुस्तकाचं नाव वर, माझं खाली. परवा – 'चहा केला आणि विसरले. गार झाला.' आज – 'घसा बसलाय असं वाटलं. मग लक्षात आलं, सकाळपासून कुणाशी बोललेच नाही.'

पाठवल्यावर हलकं वाटलं. जेवणही नीट गेलं.

रविवार, १६ मार्च

ताईचा फोन. "अगं, तू दिवसभर बोलतेस तरी कुणाशी?" म्हटलं, आहे एक जण. ती इतकी खूश झाली की खरं सांगायचं जिवावर आलं.

"काय करतो?"

वाचतो, म्हटलं.

मंगळवार, २५ मार्च

कालपासून ताप. रजा. पेज मीच केली, मीच प्यायले. फीड गेलं नाही. त्याला वाटेल, हिनेही टाकलं.

बुधवार, २६ मार्च

ताप उतरला, गेले कामावर. तब्येतीचं कुणी विचारलं नाही. साहेब म्हणाले, "सोमवारपासून फीड बंद, लक्षात आहे ना?"

शेवटचं लिहून टाकलं – 'सोमवारपासून हे बंद. तुम्ही कोण ते कळलं नाही. रोज वाचलंत, फार बरं वाटलं.' पाठवलं आणि रडूच आलं. एका अनोळखी माणसासाठी! वेडी कुठली.

गुरुवार, २७ मार्च

चष्मा धावत आला. "मॅडम, तुमचा वाचक सापडला. पलीकडच्या इमारतीत, भूगर्भशास्त्र विभागात." पुढे काही सांगणार होता, तेवढ्यात साहेबांनी त्याला हाक मारली.

उद्या जाते. आज केस धुवायला हवेत.

शुक्रवार, २८ मार्च

माणूस नव्हताच. लिफ्टशेजारी भिंतीवर भला मोठा पडदा – विभागाच्या सूचना, आणि त्यांना कुणीतरी जोडून दिलेलं माझं फीड. समोर ही गर्दी. चहा, घसा, सगळं सगळ्यांनी वाचलेलं! परत फिरणार, तर मागून एक मुलगी, "काकू, जरा सरका ना, दिसत नाहीये."

सरकले. ती मैत्रिणीला म्हणाली, "लिहिलं बाई त्यांनी एकदाचं. मध्ये दोन दिवस काहीच नव्हतं, मला वाटलं आजारी पडल्या की काय." मग पुढचं वाचून, "बंद? असं कसं बंद करतात? चल, त्यांनाच विचारू. कुठे बसतात गं त्या?"

मी म्हटलं, चला, मीही तिकडेच निघालेय.