एक दिवस बसून बघ

बाई, तुमचं काम आता माझ्याकडे आलं आहे. तुमच्या वेळी त्याला नाव नव्हतं. आता शाळेच्या फलकावर माझ्या नावापुढे 'करिअर मार्गदर्शन' असं लिहिलेलं असतं, त्यासाठी आठवड्याला एक तास मिळतो आणि तो तास गणिताचे सर हमखास पळवतात. दहावीची मुलं मोबाइलवर कल चाचणी देतात. तुम्हाला नवीन लोकांत मिसळायला आवडतं का, असं ती चाचणी विचारते. पिंपळवंडीचा पोरगा शेजाऱ्याने काय दाबलं ते बघून 'हो' दाबतो आणि शेवटी स्क्रीनवर एक रंगीत गोल येतो. तो गोल मी पालकांना समजावून सांगते. मला स्वतःला तो नीट कळत नाही, पण चेहरा गंभीर ठेवला की निभावून जातं.

तुमच्याकडे गोल नव्हता. डिंगोऱ्याच्या शाळेत पूर्वपरीक्षा संपली की तुम्ही एकेका मुलीला एसटीने जुन्नरला न्यायचात आणि कामावरच्या कुठल्यातरी बाईशेजारी बसवून यायचात. कुणी कचेरीत, कुणी बँकेत, कुणी शिवणाच्या दुकानात. बोलायचं नाही, हात लावायचा नाही, संध्याकाळपर्यंत नुसतं बघायचं. "सकाळी सगळीच कामं बरी दिसतात," तुम्ही म्हणायचात. "जेवणानंतर कसं वाटतं ते बघ. जन्म तिथं काढायचाय." मला नर्स व्हायचं होतं, म्हणजे खरं तर तो पांढरा गणवेश घालायचा होता. तुम्ही मला सरकारी दवाखान्यात बसवलंत. सकाळ छान गेली. दुपारी एका बाईच्या भाजलेल्या पायाची पट्टी बदलायला घेतली आणि मी तिथून जी पळाले ती थेट स्टँडवर येऊन रडत बसले. तुम्ही मला शोधत आलात, भजी घेऊन दिलीत, ती खाऊ दिलीत आणि मग रागावलात. पळाल्याबद्दल नाही. त्या सिस्टरला न सांगता पळाले म्हणून. ती बिचारी सगळ्या दवाखान्यात मला हुडकत होती, काम टाकून. मग परतीची एसटी. मी खिडकीबाहेर बघते आहे, हाताला भज्यांचं तेल लागलं आहे, आणि ते कशाला पुसावं हे मला कळत नाही.

घरी मोठाच प्रश्न होता. आमच्या वस्तीत दहावीपर्यंत पोचलेली मी पहिलीच मुलगी, आणि वडिलांनी विहाराच्या ओट्यावर बसून पोरगी नर्स होणार असं सगळ्यांना सांगून टाकलं होतं. तुम्ही घरी आलात, आईच्या हातचा बिनदुधाचा चहा प्यालात आणि सरळ सांगितलंत की हिला रक्त बघवत नाही, पण बारक्या पोरांना हिने सांगितलेलं कळतं, हिला बारावीनंतर डीएडला घाला. तुम्ही गेल्यावर चुलते म्हणाले की या बाईंचं काय ऐकायचं, यांची स्वतःची पोरगी एसटीत तिकिटं फाडते. तेव्हा बाई कंडक्टर म्हणजे लोक वळून वळून बघायचे. वडील म्हणाले, "सोताच्या पोरीला तिच्या मनासारखं करू दिलं त्या बाईनं. मंग तिचं ऐकायला काय हरकत न्हाई." माझं आयुष्य त्या एका वाक्यावर इकडचं तिकडे झालं. तुम्हाला हे कधी सांगितलंच नाही.

यंदा माझ्या वर्गात एक मुलगी होती. विहिरीवरची मोटार बंद पडली की तिचे वडील वायरमनला फोन लावतात, आणि तो उचलेपर्यंत हिने स्टार्टर उघडलेला असतो. चाचणीच्या गोलात तिला काहीतरी भलतंच निघालं. मग मी तुमची रीत काढली. जुन्नरला मोटारी भरायचं एक दुकान आहे, जळालेल्या मोटारीत तांब्याची तार नव्याने गुंडाळून देतात. तिथल्या मालकाची बायकोच कॉइल भरते. तिच्याशेजारी हिला दिवसभर बसवलं. संध्याकाळी आणायला गेले तर हिचे हात वार्निशने चिकट झालेले, म्हणजे हात न लावायचा नियम मोडलेला. कंटाळा आला का, विचारलं. "न्हाई मॅडम," ती म्हणाली, "जेवायचं इसरलेच मी." तिला आयटीआयला जायचं होतं, इलेक्ट्रिशियन व्हायला. पण निकाल लागला आणि मार्क भरपूर पडले, इथेच घोडं पेंड खायला लागलं. कमी पडले असते तर कुणी अडवलं नसतं. हुशार पोर आयटीआयला गेलं की आमच्याकडे लोक भेटायला येतात ते मयताला आल्यासारखे.

बाजाराच्या दिवशी तिचे वडील तिला घेऊन आमच्या घरी आले, बरोबर पिशवीभर टोमॅटो. मी खूप बोलले. आयटीआयनंतर काय काय करता येतं, पुढे डिप्लोमा कसा होतो, तिचं मन कसं तिथे आहे, दुकानात तिचं काय झालं, सगळं. ते मान हलवत ऐकत होते. शेवटी म्हणाले, "तुमी सांगाल तसं, मॅडम. मला काय त्यातलं कळतंय." मी जिंकले होते, बाई. मुलगी पहिल्यांदाच हसली. तेवढ्यात माझी मुलगी चहा घेऊन आली. त्यांनी कप घेतला, तिच्याकडे कौतुकाने बघितलं. "ही बी यंदा धाव्वीलाच व्हती ना? हिला काय घेतलं?"

सायन्स, मी म्हटलं. पुण्याला मेडिकलचा क्लास लावलाय.

ते चहा पीत राहिले. मग कप खाली ठेवून म्हणाले, "मंग आमच्या पोरीला बी त्येच घ्या, मॅडम. तुमी सोताच्या लेकराचं वाईट थोडंच करणार." आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी भांडले असते. त्या माणसाचा माझ्यावर पूर्ण विश्वास होता. त्यानंतर मी आणखी बरंच काही बोलले, ते त्यांनी मोठ्या आदराने ऐकून घेतलं, आणि त्यांची मुलगी पायाच्या अंगठ्याकडे बघत बसली. पुढच्या आठवड्यात तिने सायन्सला प्रवेश घेतला. परवा स्टँडवर दिसली, पाठीवर नवी बॅग. नमस्कार केला तिने. चांगली पोरं आहेत, नमस्कार करतात.

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की हे पाठवायचा प्रश्नच नाही. तरी कागद घेऊन बसले, कारण दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नाही. घरच्यांना सांगावं तर म्हणतील, मग चुकलं काय, हुशार आहेत दोघी. माझ्या मुलीला मी कधीच कुठे बसवून आले नाही, बाई. दुसऱ्यांच्या पोरींना बसवते. हिला सायन्स घ्यायचं हे ती सातवीत असल्यापासून घरात ठरलेलं आहे, कुणी ठरवलं ते आठवत नाही, म्हणजे मीच.

उद्या तिला पुण्याला सोडायला जायचं आहे. शेजारच्या खोलीत ती सामान भरते आहे. आत्ता हे लिहीत असताना मध्येच आली आणि कुणाला लिहितेस म्हणून विचारलं. माझ्या बाईंना, मी म्हटलं. त्या तर वारल्या ना, म्हणाली, आणि गेली नाही. दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली, काहीतरी बोलायचं असल्यासारखी. काय गं, एवढं विचारलं असतं तरी बोलली असती. मी म्हटलं, स्वेटर घेतलास का?