उजव्या दाराचा आरसा

३ फेब्रुवारी १९६४, सोमवार

आरसा फुटल्यावर बाबांनी गाडी गॅरेजात न नेता सरळ घरी का आणली? दुपारपासून हाच विचार. मला उत्तर देता येत नाही.

शाळेतून शिकवून आले तर टॅक्सी भर दिवसा अंगणात. उजव्या दारावरचा आरसा गेलेला. नुसती वाकलेली दांडी, टोकाला काचेचा एक तुकडा. बाबा ओट्यावर चहा पीत होते. बशी दोन्ही हातांनी धरलेली.

"लॉरीवाला घासून गेला. पलस्प्याच्या पुढं. मेला थांबला पन नाय."

"कुणाला लागलं का?"

"आरशाला लागलं. आनखी कोनाला लागनार?"

आई हसली, मीही. मग आईने विचारलं, गॅरेजात का नाही टाकली? "एवढ्याशा आरशाला गॅरेज कशाला? घरात ग्रॅज्वेट हाय ना. बाय लावील."

घरातली पहिली पदवीधर मी, आणि त्या पदवीचा उपयोग असा! गंमत वाटली. तरी त्या बशीवरचे दोन हात डोळ्यांपुढून जात नाहीत.

४ फेब्रु.

शाळेत जाण्याआधी दांडी सोडवायला घेतली. पुसताना फडक्याला पांढरं लागलं, मग तांबडं. चुना आणि गेरू.

लॉरीला कोण चुना-गेरू लावतं? हमरस्त्यावरच्या झाडांना लावतात, खोडाला पट्टे.

आरसा उजव्या दाराचा. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने जातो. उजव्या आरशाला झाड लागायचं तर गाडी सगळा रस्ता ओलांडून पलीकडच्या कडेला गेली असली पाहिजे. आणि त्याच वेळी समोरून काही आलं असतं तर...

आज वर्गात नागरिकाची कर्तव्यं शिकवली. काय बोलले, आठवत नाही.

७ फेब्रु.

मुंबईहून येणाऱ्या एका ड्रायव्हरच्या हाती नवा आरसा आला. गोल, दांडीसकट. बाबांनी रुमालात गुंडाळून कपाटात ठेवला. रविवारी बसवायचा.

गाडी शेठची. मी फ्रॉक घालत होते तेव्हापासून बाबा ती चालवतात. शेठचा निरोप आहे: पुढच्या शुक्रवारी त्यांच्या घरचे सगळे लग्नाला पुण्याला जाणार, गाडी नीट तयार ठेवा. म्हणजे खंडाळ्याचा घाट. लहान नातवंडंही आहेत.

आई म्हणाली, "मंग मिठाईचा पुडा येनार." 

९ फेब्रु., रविवार

आरसा बसवला. मीच.

जुने स्क्रू गंजलेले. रॉकेल सोडून ठेवलं, मग पान्याने ठोकून ठोकून सुटले. नवी दांडी बाबांनी दारावर धरली. मग बाबाच स्क्रू भोकात घालायला गेले तर बोट दारावरून नुसतं फिरतंय. भोक समोर, बोट शेजारी. दोनदा स्क्रू मातीत पडला. तिसऱ्यांदा माझ्या हातात दिला.

"तुजी बोटं बारीक. तूच लाव."

वायसर घालून स्क्रू आवळले. त्यांना ड्रायव्हरच्या जागेवर बसवलं आणि मी आरसा थोडा थोडा फिरवत विचारत गेले.

"आता?"

"धूसर हाय. काच हलकी दिलीय."

फुंकर मारली, पदराने पुसला. मी वाकून बघितलं. मला कुंपणावरचा कावळासुद्धा स्वच्छ दिसत होता.

"आता?"

"हां, आता झकास. तुजी आय उभी हाय मागं. काय गो, काय बगतेस तिथनं?"

आई घरात होती, चुलीपाशी. मागे कुंपणावर तिचं हिरवं लुगडं वाळत होतं.

आईने घरातून "काय?" म्हणून विचारलं.  बाबा गाडीतून उतरले आणि दार फार हळू लावलं.

१० फेब्रु.

किती दिवस असं असेल? महिने? मला कसं कळलं नाही?

आमची माणसं ओवे गावची, मिठागरावर वाढलेली. पांढऱ्या मिठावरचं ऊन उलटून डोळ्यांत शिरतं, म्हणून सगळी डोळे बारीक करून बघतात. आजोबा तसेच, काका तसेच. आमच्याकडे लग्नाच्या फोटोत एक डोळा धड उघडा नसतो, त्यावरून चेष्टा चालते. बाबा गेल्या वर्षी डोळे चिमटून बघायला लागले तेव्हा आई कौतुकाने म्हणाली होती, "आता दिसतो बापासारका." दुसऱ्या कुणाच्या घरी हे दिसलं असतं. आमच्या घरी ते घराण्याचं रूप ठरलं.

आज आईला आडून विचारलं. "आपल्याकडं सगल्यांचेच डोले तसे," एवढंच म्हणाली आणि तांदूळ निवडत राहिली. निवडलेलेच पुन्हा निवडत होती.

११ फेब्रु.

शाळा अर्धी. "बाबा, पळस्प्यापर्यंत मला फिरवून आणा," म्हटलं. बाबा खूश झाले. मी पुढच्या सीटवर बसले.

पुढे बसवायला त्यांना नेहमी बोलका माणूस लागतो. स्टँडवर सगळे हसतात त्यावरून. बाबा सांगतात, गप्पांनी झोप येत नाही. आज मला खरं कारण कळलं.

"पुढं काय हाय गं?"

"पेंढ्याची बैलगाडी."

"ती दिसली मना. तिच्या पुढं?"

तिच्या पुढे काहीच नव्हतं. मोकळा रस्ता. बैलगाडी त्यांना दिसलीच नव्हती. मी बोलले तेव्हा पाय ब्रेकवर गेला.

परत येताना कोळणी पाट्या घेऊन कडेने चालल्या होत्या. गाडी सरळ त्यांच्याकडे. वेग कमी होईना. मी ओरडले, "बाबा, बायका!" चाक वळलं. गाडी पलीकडे रस्त्याखाली उतरून पुन्हा वर आली. मागून एकीचा आवाज:

"डोले फुटले का रं तुजे, मुडद्या!"

बाबा म्हणाले, "बग, तोंड कसं हाय एकेकीचं." हसायचा प्रयत्न केला. कपाळावरून घाम ओघळत होता. ऊन तसं काही नव्हतं.

मी मागे वळून पाट्या मोजत होते, सगळ्या आहेत ना. 

१२ फेब्रु.

बोलले. संध्याकाळी ओट्यावर बाबा एकटे तंबाखू मळत होते.

"बाबा, तुम्हाला दिसत नाही."

हात थांबला नाही. "आयला बोललीस?"

"नाही."

"मंग झालं."

मुंबईला डोळ्यांचे डॉक्टर आहेत, मोतीबिंदू असेल तर काढतात, मी रजा घेते, बरोबर येते, सगळं सांगितलं. पाठ केल्यासारखं बोलत होते, आवाज चढत होता.

"माज्या काकाचा काढला व्हता. होता तो उजेड पन गेला."

"ते किती जुनं झालं! आणि तोवर? शुक्रवारी घाट आहे."

"घाट मना पाठ हाय. कुठं वलन, कुठं दगड."

"समोरून येणारी गाडी पाठ असते का?"

बाबांनी तंबाखू दाढेत धरली. मग माझ्याकडे वळून, पण माझ्या तोंडाकडे नाही, जरा बाजूला बघत म्हणाले, "ह्याच डोल्यांनी तुना शिकवली, बाय. गाडी गेली का मी कोन? पुन्ना मिठागरावर जाऊ, ह्या वयात? घाट होऊ दे, मंग बगू. तू शेठला बोलनार नाय. मना ठाव हाय."

विचारलं नाही. ठरवूनच टाकलं.

मी हो म्हटलं नाही. नाही पण म्हटलं नाही. ते उठून आत गेले, उंबरा पायाने चाचपून.

खरं बोलावं, निर्भय असावं, मुलींना फळ्यावर रोज लिहून देते. आणि आज नुसतं बोलायचं तर जीभ...

त्यांनी माझ्यासाठी आयुष्य घातलं, आणि मी त्यांचं काय घेणार? पण त्या कोळणी. ती नातवंडं. आणि बाबा स्वतः, घाटाच्या कडेला.

१३ फेब्रु., गुरुवार

सांगितलं.

शाळेला जाण्याआधी शेठच्या घरी गेले. दारात पोरं लगोरी खेळत होती. त्यांनी मला वाट दिली. आत शेठ पेपर वाचत होते.

"काय मास्तरीणबाई? वडिलांनी पाठवलं?"

"नाही. त्यांना माहीत नाही मी आलेय."

भाषण तयार केलं होतं. एकही वाक्य आठवलं नाही. "उद्या त्यांना गाडी देऊ नका. त्यांना दिसत नाही." एवढंच. 

शेठनी पेपरची घडी केली. दाराकडे, पोरांच्या आवाजाकडे बघितलं.

"कधीपासून?"

"माहीत नाही."

"आणि तू आत्ता सांगतेस?"

 त्यांना दुसरं काही काम द्या, पेढीवर, गोदामावर, त्यांच्यासारखा विश्वासाचा माणूस नाही, असं म्हटलं. "ते मग बघू," शेठ म्हणाले. हो नाही, नाही पण नाही. "संध्याकाळी गाडी इथे ठेवून घेतो. तुझं नाव काढत नाही."

"काढलंत तरी चालेल," मी म्हणाले. रस्त्यावर आल्यावर घाबरले. का म्हणाले? पण मागे फिरले नाही.

घरी आल्यावर आईला सगळं सांगितलं. मला वाटलं रडेल, किंवा मारेल. काही विचारलं नाही. मला वाटतं तिला लुगड्याच्या दिवशीच कळलं होतं. तिने भाकरी थापली, कालवण वाढलं, ताट माझ्यापुढे सरकवलं.

"आता जेवून घे. तो आला का मंग तुना घास जायचा नाय. मना पन."

दोघी जेवलो. एकमेकींकडे न बघता.

दिवेलागण झाली. गाडीचा आवाज आला नाही. बाबा चालत येत असतील.