ढिगातलं हेल्मेट

रविवार, संध्याकाळ. दौंड.

आज चुकलंच. मी शिकवते त्या रोलर डर्बीच्या, म्हणजे स्केटवरून धक्के देत पळायच्या खेळाच्या, क्लबात फी नाही, निवड नाही, येईल ते पोर आपलं. हेल्मेटं मोजकी, म्हणून डाव संपला की सगळी एका ढिगात टाकायची आणि पुढच्यांनी हाताला येईल ते घालायचं.

ईश्वरीनं आज उचललं ते सुजातानं नुकतंच काढलेलं. सुजाता बौद्धवाड्यातली. ईश्वरीचे वडील, आप्पा, बघत होते. सरावाचं गोडाऊन त्यांचंच. म्हणाले, "ताई, आमच्या पोरीला नवं आणतो. ढिगातलं न्हाई चालायचं." मी नुसतं बरं म्हणाले. का, ते विचारलं असतं तर गोडाऊन राहिलं असतं? सुजाता शेजारीच स्केटच्या नाड्या बांधत होती.

पुढच्या डावानंतर सुजातानं हेल्मेट काढलं, टी-शर्टच्या टोकानं आतून पुसलं, पुन्हा पुसलं, आणि ढिगात न टाकता भिंतीशी वेगळं ठेवलं. मी सगळ्यांना म्हणाले, "बघा, किती नीटनेटकी आहे."

घरी येईपर्यंत लक्षातच आलं नाही. ते पुसणं डोळ्यांपुढून जात नाही. शाबासकी दिली मी तिला. आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या.