गटात शेवटचा कोण

४ मार्च

नाही, मला काही काळजीबिळजी वाटत नाही. राग आलाय! इस्त्रीच्या टेबलावर चादरी घालायच्या की पुस्तकं? दुकान लाँड्रीचं आहे, शाळा नाही. हॉटेलच्या चादरींचा ढीग पडलाय आणि माझा नातू – थोरला – त्याच टेबलावर धूसर चित्रं मांडून बसलाय. चित्र बघायचं आणि गोष्ट लिहायची म्हणे. अशाने लष्करात ऑफिसर होतात!

दोनदा निवडीच्या मुलाखतीला जाऊन हात हलवत परत आलाय. ही शेवटची खेप. पुढच्या वर्षी वय उलटतं, मग अर्जच घेत नाहीत. मग आहेच – इस्त्री.

सूनबाई लेकासमोर चकार शब्द काढत नाही. माझ्यासमोर येऊन रडते. रडून चादरी वाळतात का?

६ मार्च

आज मलाच बसवलं पुस्तक धरून. 'आजी, तू एकेक शब्द वाच, मी मनात येईल ते वाक्य सांगतो.' मी चौथी नापास! चाचपडत वाचले.

'भीती.' लगेच उत्तर – 'भीतीवर धैर्याने मात करता येते.' 'मित्र.' – 'खरा मित्र संकटात साथ सोडत नाही.' भराभर. एकसारखं. म्हटलं, हे तुझ्या मनात आलं? 'असंच लिहायचं असतं गं. क्लासच्या सरांनी सांगितलंय.' मग मनात काय येतं ते कोण सांगणार? सर?

धाकटी कोपऱ्यात उशांचे अभ्रे घडी करत होती. तिला म्हटलं, तू सांग – भीती. 'काल झुरळ निघालं तेव्हा मामी टेबलावर चढली होती!' सूनबाईसुद्धा हसली. किती दिवसांनी! थोरला नाही हसला. 'हिला पहिल्याच दिवशी हाकलतील.'

धाकटी माझ्या लेकीची पोर. लेक गेली तेव्हापासून माझ्याकडेच. हिने अर्ज भरला तो याच्यासाठी, सोबत म्हणून. लेखी परीक्षा पास झाली, अभ्यास कधी केला देव जाणे. याला गाडीत एकट्याला झोप लागत नाही, म्हणून ही जाणार! आणि हा ऑफिसर होणार!

८ मार्च

त्याचे शर्ट मीच केले. कॉलर पुन्हा पुन्हा दाबली. कोणी सांगितलं नव्हतं.

९ मार्च

गेली दोघं. रडारड नको म्हणून मी दुकानातूनच हात हलवला. निघताना थोरला म्हणाला, 'आजी, होईल ना गं?' म्हटलं, मला काय विचारतोस, मी काय तिथली साहेब आहे?



११ मार्च

फोन जमा करून घेतात तिथे. पहिल्या दिवशी निम्म्यांना घरी धाडतात, त्यांनाच फोन परत मिळतो. फोन आला नाही. म्हणजे दोघंही टिकली! सूनबाई नाचायची तेवढी बाकी होती.

शेजारचा औषधवाला डोकावला. 'काय आजी, आता सलाम ठोकायचा का तुम्हाला?' म्हटलं, आधी तुझा कोट घेऊन जा, कधीचा लोंबकळतोय.

मनातून बरं वाटलं. लिहून काय उपयोग, पण वाटलं.

१४ मार्च

आली. बॅगा टेकायच्या आधीच कळलं मला. थोरला हसत होता. असं हसणं नको रे बाबा!

शेवटी सगळ्यांना एका खोलीत बसवून निवडलेल्यांचे नंबर पुकारतात. धाकटीचा पुकारला. त्याचा नाही.

सूनबाई मोरीत गेली आणि नळ सोडून बसली. पाणी वाया चाललं होतं. जाऊ दिलं.

थोरला हातपाय धुऊन थेट टेबलाशी. 'कुठल्या चादरी राहिल्यात?' मी अभ्रे दिले पुढ्यात. दुसरं काय देणार होते?

१६ मार्च

गिऱ्हाइकं येतात. 'काय साहेब, झालात ना?' तो दर वेळी मान वर करून सांगतो, 'मी नाही, ही.' दर वेळी! ऐकवत नाही.

धाकटी जेवत नाही. 'मी ट्रेनिंगला जाणार नाही' एवढंच. त्याने खडसावलं, 'नाटकं नकोत. जायचं म्हणजे जायचं.'

१८ मार्च

गच्चीवर चादरी वाळत घालत होतो, मी आणि धाकटी. तेव्हा बोलली.

यांची आडनावं वेगळी, म्हणून भावंडं हे कळलंच नाही आणि दोघं एकाच गटात पडली. नातं कोणी विचारलं नाही, यांनी सांगितलं नाही. फळ्या आणि दोर देऊन खड्डा ओलांडायला लावतात. थोरला फळी धरून उभाच राहिला. 'हलेचना गं आजी! सगळे ओरडत होते, आणि तो नुसता उभा.'

मग साहेबाने एकेकाला वेगळं बोलावून विचारलं – गटात पहिला कोण, शेवटचा कोण? लढायला जायचं तर कोणाला बरोबर नेणार नाही?

'मी शेवटचं नाव दादाचं घेतलं.'

का गं?

'खरं होतं म्हणून. तिथे खोटं बोलवेना.' मग माझा हात धरला. 'माझ्यामुळेच गेलं त्याचं. त्याला सांगू नकोस.'

चादर केव्हाच पिळून झाली होती, मी आपली पिळतच राहिले. म्हणून जात नाही म्हणतेय होय! म्हटलं, बोललीस ना खरं? मग आता निभाव. इथे बसून ते काय खोटं होणार आहे? रडली. रडू दिलं.

संध्याकाळी तिच्याकडे बघवलं नाही मला. त्याच्याकडे तर नाहीच नाही.

१ एप्रिल

गेली धाकटी ट्रेनिंगला. ट्रंक त्यानेच उचलली, दुसऱ्याला हात लावू देईना. स्वतःसाठी घेतलेले बूट तिला मोठे, म्हणून पॉलिशची डबी दिली. 'पळताना मागे बघू नकोस, तोंडावर आपटशील.' ती त्याच्या तोंडाकडे बघेना.

३ एप्रिल

इस्त्री फिरवता फिरवता थोरला आपणहून म्हणाला, 'आजी, तिथे विचारतात – गटात पहिला कोण, शेवटचा कोण. मी पहिलं नाव हिचं घेतलं.'

आणि शेवटचं?

'माझंच की! उभा होतो ना फळी धरून.' चादर उलटली. 'तिला सांगू नकोस हं. मी दिलं म्हणून मिळालं, असं वाटेल तिला.'

दोघांनाही माझंच तोंड सापडलं शिवायला! यावर आता मी एक अक्षर लिहिणार नाही.