बत्तिसाव्या फेरीचं पान

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा तूर्त कागदावरच). तुझा गुडघा कसा आहे? लेकीकडे झोप लागते का? इथे सगळं ठीक. म्हणजे पियानो सोडून सगळं.

रविवारी भावोजींच्या आठवणीत त्यांची शेवटची रचना मी वाजवायची, हे तूच चारचौघांत जाहीर केलंस. तीनशे वर्षांपूर्वीचा साचा आजच्या माणसाने घ्यावा, इथवर ठीक. पण त्यात डाव्या हाताने पहिल्यापासून तीच आठ सुरांची ओळ वाजवत राहायची आणि उजव्याने दर फेरीला नवं काही बोलायचं. (डावा म्हणजे संसार, उजवा म्हणजे तक्रारी, असं भावोजी म्हणायचे. तू हसली नव्हतीस.) एकतिसाव्या फेरीखाली त्यांच्या अक्षरात आहे, 'पान उलटा'. त्यांची पानं नेहमी उलटणारी तू इथे नाहीस, म्हणून मीच उलटलं. पुढे पानच नाही. मग डावा हात सवयीने पुन्हा पहिल्या सुरावर जातो. त्याला थांब म्हणणारं कोणी नाही.

आता तो जेवतानाही टेबलावर तेच वाजवतो. न्हाव्याकडे चादरीखाली वाजवू लागला (न्हावी दचकला, माझ्या कानाला थोडं लागलं). मंगळवारी दुपारी खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर वर आले. म्हणाले, "अहो, उजवा हात हवा तेवढा वाजवा, पण त्या डाव्याला आवरा. पेशंट त्याच्या तालावर तोंड उघडमीट करतात." मी माफी मागितली. ते गेल्यावर पाहिलं, माझ्या दोन्ही हातांना भांड्यांचा साबण होता. सकाळपासून मी पियानोकडे फिरकलो नव्हतो. झाकण मात्र उघडं होतं.

आज बुधवारी घराला कुलूप लावून त्यांच्याच दवाखान्यात जाऊन बसलो. दोघं छताकडे बघत राहिलो. आठ सूर. पुन्हा तेच आठ. डॉक्टर हळूच म्हणाले, "तुम्ही इथेच आहात ना?" म्हटलं, आहे. "मग आलाच आहात तर दाढ दाखवून टाका." दाखवली. किडली आहे.

बाकी क्षेम. लेकीला आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. शेवटचं पान तुझ्याकडे आहे. लेकीकडे निघालीस त्या दिवशी वहीतून काढून पिशवीत ठेवताना मी पाहिलं. "संपवायची कुणाला घाई आहे," असं तू स्वतःशीच म्हणालीस. मलाही नाही. पण रविवारच्या आत पाठव.

पुन्हा ता. क. हे दवाखान्यात बसूनच लिहितो आहे. आत्ता वर पहिल्यांदाच उजवा हातही लागला. एकतिसावी फेरी. संपली. खुर्ची करकरली. आता नुसता डावा चालू आहे, कुणाची तरी वाट बघत असल्यासारखा सावकाश. ताई, पान पाठवू नकोस. घेऊन ये. दुसऱ्या कुणी पानं उलटलेली त्यांना कधी चालली आहेत?