पेडलवर बाबा बसतील

प्रिय चकचक्या,

फोनच केला असता, पण अडचणीचं बोलणं निघालं की तुझ्या फोनची रेंज जाते, हा माझा जुना अनुभव. म्हणून लिहितोय. शांत बसून वाच, आणि मधल्या ओळी गाळू नकोस.

बाबांची निळी गाडी माझ्याकडे आहे. गॅरेजमागच्या पत्र्याखालून काढून तू ती भंगारात दिलीस आणि सुटलो असं समजलास. पण भंगारवाला मला ओळखतो. म्हणाला, तुमच्या घरची दिसतेय, कापायला हात होईना. मी ती ओढून आणली, तेव्हा तुझी वहिनी दारातच कमरेवर हात ठेवून उभी. जिनं तुम्हाला घराबाहेर काढलं तिलाच घरात घेताय होय, म्हणाली. मी म्हटलं, हो, तिची साक्ष घ्यायची राहिलीय.

अपघाताच्या आदल्या संध्याकाळी चारही चाकांच्या ब्रेक ऑइलमधली हवा मीच काढली होती; ती राहिली की पेडल मऊ पडतं. इंजिन बाबांचं आणि ब्रेक माझे, ही आपल्याकडची वाटणी. ब्रेकचं मला कुणी शिकवलं नाही. टाकाऊ भाग खोलून, बोटं कापून घेऊन शिकलो. पेडल दगडासारखं घट्ट झाल्यावर मी गल्लीला फेरी मारली आणि एका दाबात फाटकाशी थांबलो. दुसऱ्या दिवशी बाबा गाडी घेऊन गेले आणि उताराच्या शेवटी तेच पेडल त्यांच्या पायाखाली उशीसारखं दबत गेलं. गाडी भिंतीवर, उजव्या गुडघ्याचा चुरा. इस्पितळात सगळ्यांच्या देखत ते म्हणाले, स्वतःच स्वतःचा गुरू झालेल्याच्या हातात जीव दिला, याला पुन्हा माझ्या घरात घेऊ नका, गॅरेजात पाना धरू देऊ नका. मी तुझ्याकडे वळून विचारलं, माझ्यानंतर गाडीला कुणी हात लावला होता का? तू खाटेच्या पायथ्याशी मोसंबं सोलत होतास. म्हणालास, दादा, मी कशाला लावू, ब्रेक म्हणजे तुझं खातं. साल मात्र एकदाही तुटू दिली नाहीस. मला ते अजून दिसतं.

तर आता माझ्या खात्यातलं ऐक. गाडीचे कुजलेले पाइप आणि पेडलमागच्या मास्टर सिलिंडरची रबरं बदलली, नवं ब्रेक ऑइल भरलं आणि तुझ्या वहिनीला पेडलवर बसवलं. ती दाबून धरणार, मी चाकाजवळचा निपल, म्हणजे ऑइल बाहेर सोडायचा पोकळ स्क्रू, सैल करून हवा जाऊ देणार, निपल बंद केला की ती पाय उचलणार. ऑइल स्वच्छ आलं, एक बुडबुडा नाही, तरी पेडल मऊ. पाय दाबून धरला तर ते हळूहळू खाली बसत नव्हतं, म्हणजे मास्टर सिलिंडर ठीक. गळती कुठे नाही, पाइप फुगत नाहीत. पटापट दाबलं की वर यायचं, म्हणजे आत हवा होतीच. वहिनी म्हणाली, माझा पाय गेला हो, आता तुमच्या भावालाच बोलवा. ती चिडवत होती, पण नेमकं तुझंच नाव निघालं बघ.

तोवर हाताच्या अंदाजानंच निपल सोडत होतो; आता मी कंदिलासारखा दिवा धरून पुढच्या चाकाशी आडवा झालो आणि हसायलाच लागलो. ब्रेकची तबकडी चिमटीत धरतो तो कॅलिपर. हवा वर चढते म्हणून त्याचा निपल वरच्या टोकाला असतो. इथे दोन्ही निपल खाली तोंड करून बसलेले. डावा कॅलिपर उजवीकडे, उजवा डावीकडे. हवा वर बसलेली आणि आपण खालून ऑइल काढतोय. जन्मभर काढलं तरी पेडल मऊच राहणार. आणि चिखल पुसला तर दोन्ही कॅलिपर लालभडक! त्या संध्याकाळी मी हवा काढली तेव्हा ते लोखंडाच्याच रंगाचे होते. बोल्ट खोलले तर डोक्याखालीही लाल. म्हणजे माझ्यानंतर कुणीतरी ते उतरवून, रंगवून उलटे चढवले. जाळीची चाकं कुणाला बसवायची होती? आतलं दिसेल तर चकचकीत दिसू दे, असं घरात कोण म्हणायचं? आणि त्या सकाळी गाडी मागून पुढे आणून कुणी उभी केली? पेडल तुझ्या पायाला मऊ लागलंच असणार, चकचक्या. रंगवलंस ते मी माफ केलं असतं. मोसंबं सोललंस ते नाही.

खात्रीशिवाय मी कुणावर बोट ठेवत नाही. कॅलिपर जागच्या जागी बसवून पुन्हा हवा काढली. पेडल दगड.

आता हे सगळं तुला का कळवतोय ते सांगतो. बाबांना मी यातलं अक्षर सांगितलेलं नाही. माझ्या तोंडून ऐकलं तर म्हणतील, इतक्या वर्षांनी भावावर ढकलतोय. फोनवर फक्त म्हटलं, तुमची गाडी उभी करतोय, हवा काढायची तेवढी राहिलीय. त्यांचा आवाजच बदलला. म्हणाले, पेडलवर मी बसेन, रविवारी धाकटा मला घेऊन येईल. तेव्हा तू त्यांना घेऊन येणार आहेस. कॅलिपर मी पुन्हा उतरवून अगदी तू बसवले होतेस तसे, खाली तोंड करून बसवले आहेत. गाडी स्टँडवर आहे, कुणाला खरचटणारही नाही. पाना तुझ्या हातात देईन. बाबा त्याच उजव्या पायानं दाबतील, तू निपल सोडशील, बंद करशील, आणि पेडल मऊच राहील. ते पुन्हा दाबतील. बाबा कारण कळल्याशिवाय उठणाऱ्यातले नाहीत, तुला माहीतच आहे. तुला वाटेल तेव्हा बोल. घाई नाही. मी शेजारी स्टुलावर मोसंबं सोलत बसलेला असेन.

तुझाच,
दादा